जावाचा परवाना: वादाची मुळे

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या अनेक कारखान्यांत पगारपत्रकापासून स्टोअरपर्यंतची सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात. जानेवारी 2023 मध्ये जावाच्या मालक कंपनीने, म्हणजे ओरॅकलने, परवान्याचा हिशेबच बदलला. सर्व्हर किंवा वापरणारे न मोजता कंपनीतला प्रत्येक माणूस मोजायचा, अंतर्गत कामाला असलेली ठेकेदाराची माणसेसुद्धा. 999 माणसांपर्यंत छापील दर माणशी दरमहा 15 डॉलर. 200 माणसांच्या युनिटला वर्षाला 36,000 डॉलर, मग त्यातली पाचच जण जावा वापरत असली तरी.

पूर्वी भाषा सरळ विकली जायची. टर्बो पास्कल हे पास्कल भाषेचे सॉफ्टवेअर 1983 मध्ये 49.95 डॉलरला मिळत होते. 1995 ची जावा मात्र फुकट डाउनलोड व्हायची. 2006 मध्ये तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, सर्वांसाठी खुला करण्याची घोषणा झाली.

खरी मेख चाचणी संचात होती. जावा कोणीही स्वतः नव्याने लिहू शकत होते, पण ती सुसंगत ठरायला जावाची मूळ कंपनी सन हिचा चाचणी संच पार करावा लागे. अपाचे या स्वयंसेवकांच्या संस्थेने स्वतःची जावा लिहायला घेतली आणि हा संच मागितला. तो देताना कंपनीने वापराच्या क्षेत्रावर बंधन घातले, ज्यातून मोबाइल फोन वगळले जात होते. संस्थेने 2007 मध्ये जाहीर हरकत घेतली. तोडगा निघालाच नाही, आणि डिसेंबर 2010 मध्ये तिने जावाची मानके ठरवणारी समिती सोडली. ही अट अन्यायाचीच होती. कोड खुला म्हणायचा आणि जिथे बाजार वाढतोय तेच दार लावून घ्यायचे, याला खुलेपणा म्हणता येत नाही.

त्याच संस्थेच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, पुढे जावाच्या मालकाच्या परवान्याविना गूगलच्या अँड्रॉइड या मोबाइल प्रणालीत गेल्या. 2010 च्या सुरुवातीला जावाची मालकी सनकडून ओरॅकलकडे गेली आणि ऑगस्टमध्ये या नव्या मालकाने गूगलवर खटला भरला. वाद जावातल्यासारख्याच अँड्रॉइडमध्ये असलेल्या कोडच्या सुमारे 11,500 ओळींचा होता. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 2 मतांनी हा वापर न्याय्य ठरवला. अशा ओळींवर कॉपीराइट लागतो का, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवलाच नाही.

दरम्यान 2019 पासून जावा 8 च्या व्यावसायिक वापरासाठी मालक कंपनीचे नवे अपडेट सशुल्क झाले. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या कोडवर बांधलेल्या इतरांच्या अनेक आवृत्त्या विनामूल्य आहेत, त्यामुळे कारखान्याने आधी आपल्या मशीनवर कोणाची आवृत्ती बसवली आहे ते तपासावे. ओपनजेडीकेतला सर्वात मोठा वाटा आजही मालक कंपनीच्याच अभियंत्यांचा आहे, आणि जावा या नावाचा ट्रेडमार्कही तिच्याकडेच आहे.