हॅमेलिनची हरवलेली मुले

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात वेझर नदीकाठी वसलेल्या हॅमेलिन (जर्मन उच्चार हामेल्न) गावातून २६ जून १२८४ रोजी १३० मुले नाहीशी झाल्याची आख्यायिका. पुंगीवाल्याची गोष्ट म्हणून ती मराठी वाचकाला परिचित असल्याने कथाभाग येथे दिलेला नाही. मात्र उंदरांचा सुळसुळाट, कबूल केलेली बिदागी नाकारणारे नगरपिते आणि त्याबद्दल उगवलेला सूड ही सगळी मागाहून पडलेली भर आहे. उंदीर कथेत शिरले ते सोळाव्या शतकात, १५६५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्सिमर्न या जर्मन सरदार घराण्याच्या बखरीत. पुंगीही मराठी रूपांतरातली. जुन्या पाठात वाजते ती चांदीची बासरी.

सर्वांत जुना पुरावा म्हणजे गावातील चर्चची रंगीत काचेची खिडकी. ती सु. १३०० ची असावी. १६६० च्या सुमारास ती नष्ट झाली आणि आज केवळ वर्णनांवरून माहीत आहे. १३८४ मधील म्हणून उद्धृत होणारी ‘आमची मुले जाऊन शंभर वर्षे झाली’ ही नोंद जपूनच वापरलेली बरी. खरा भार पडतो तो लुनेबर्ग हस्तलिखितावर (सु. १४३०–५०). त्यातील लॅटिन टिपणानुसार तिशीतला, देखणा, उंची पोशाखातला एक तरुण पुलावरून वेझर वेशीने गावात आला. बासरी ऐकून निघालेली मुले त्याच्यामागे पूर्व वेशीबाहेर, वधस्थळापर्यंत गेली आणि तेथे दिसेनाशी झाली. आया गावोगाव धावल्या, पण हाती काही लागले नाही. चर्चचे एक अधिकारी योहान फोन ल्यूडे यांच्या आईने मुलांना जाताना पाहिले होते, असेही टिपणकार नमूद करतो. गावाच्या नव्या वेशीवर १५५६ मध्ये कोरलेला लेख तर वेस बांधल्याचे वर्षच मुले गेल्यापासून मोजतो : २७२ वे.

मुले कोठे गेली याविषयी मतभेद आहेत. १२१२ च्या बालकांच्या धर्मयुद्धाशी (जेरुसलेमकडे निघालेल्या मुलांच्या मोहिमेशी) जोडणारे मत कालदृष्ट्या जुळत नाही. प्लेगचेही तसेच, कारण युरोपातील मोठी साथ १३४७ नंतरची. १२६० च्या झेडेम्युंडरच्या लढाईत पडलेले हॅमेलिनचे तरुण हीच ती ‘मुले’, असे मानल्यास जुन्या पाठांतील १२८४ हे वर्ष सोडून द्यावे लागते. एरफुर्ट या जर्मन शहरातूनही १२३७ मध्ये मुले अशीच नाचत शेजारच्या आर्नश्टाटपर्यंत गेल्याची हकीकत सांगतात, पण ती परतली.

अधिक पटणारे मत पूर्वेकडील वसाहतीचे आहे. तेराव्या शतकात पूर्वेकडचे जमीनमालक नवी गावे वसवण्यासाठी मुकादम पाठवून तरुण जोडपी गोळा करीत. ‘गावाची मुले’ याचा अर्थ गावचे रहिवासी असाही होऊ शकतो. अभ्यासक वोल्फगांग वान यांनी मोरेव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ओलोमोउत्स परिसरातील आडनावांवरून ही मंडळी तेथे गेल्याचे सुचवले. तेथील बिशप ब्रूनो वेझर खोऱ्यातील शाउमबुर्ग घराण्याचाच होता. हान्स डोबर्टिन यांनी श्पीगेलबेर्गचा सरदार निकोलाउस याच्या नेतृत्वाखाली निघालेले लोक बाल्टिकमध्ये बुडाल्याचा तर्क मांडला. युर्गेन उडोल्फ यांनी आडनावे व ग्रामनामे पडताळून बर्लिनच्या उत्तरेकडील प्रिग्निट्स व उकरमार्क आणि त्यापलीकडील, बाल्टिक किनाऱ्यावरचा पॉमेरेनिया हा प्रदेश पुढे केला. तिन्हींत उडोल्फ यांची बाजू भक्कम वाटते. आपखुशीने गेलेल्यांसाठी आया का धावल्या, हे मात्र कोणत्याच मतात नीट बसत नाही.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात (१८१६) मागे राहिलेल्या मुलांचा तपशील आहे : एक आंधळे, एक मुके, आंधळ्याला जागा दाखवता येईना आणि मुक्याला काही सांगता येईना. तिसरा नुसत्या सदऱ्यावर निघाला होता. तो कोट आणायला घरी परतला म्हणून वाचला. गुहेत नेलेली मुले ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) बाहेर आली, अशीही समजूत त्याच संग्रहात नोंदवली आहे.

मुले ज्या गल्लीतून गेली असे सांगतात, तिचे नाव बुंगेलोझेनश्ट्रासे, म्हणजे ढोल न वाजणारी गल्ली. तेथे वाद्य वाजवण्यास व नाचण्यास मनाई आहे; लग्नाची वरातही त्या टप्प्यापुरती वाद्ये थांबवते.