गोळीची फिरकी

ठासणीच्या बंदुकीत गोळी सैल बसायची, तीही मुद्दाम. अठराव्या शतकात इंग्रजी पलटणींच्या हाती असलेल्या ‘ब्राउन बेस’ची नळी आतून साधारण १९ मिलिमीटर रुंद आणि शिशाची गोळी जेमतेम साडेसतरा. कारण बंदुकीची काळी दारू पूर्ण जळतच नाही. निम्म्याहून अधिक वजनाची काजळी मागे राहते. काही धुरातून जाते, काही नळीतच चिकटते. गोळी घट्ट असती तर चार-सहा बारांनंतर शिपाई गजाने ठोकत बसला असता. सैल गोळीमुळे तरबेज माणूस मिनिटाला तीन बार काढी.

नेमाचं मात्र वाटोळं. गोळी भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का नेईल तिकडे जाई. शंभर मीटरपलीकडच्या एकट्या माणसावर नेम धरणं म्हणजे दारूची नासाडी. म्हणून तर रांगेने उभं राहून एकदम बार काढायचे. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी याच कवायतीत मुरलेले होते.

पण गोळी हवेत गेल्यावरही वळत होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने ते दाखवलं, तेही किती साध्या सामानात! एका बंदुकीची नळी त्याने तोंडाशी डावीकडे वाकवली, पुढे पातळ कागदाचे पडदे टांगले, बार काढला आणि भोकं तपासली. गोळी आधी डावीकडे गेलेली, मग हळूहळू उजवीकडे वळलेली. वाकड्या नळीच्या उजव्या भिंतीला घासत गेल्याने तिला फिरकी मिळाली होती. फिरत्या गोळीची जी बाजू समोरून येणाऱ्या हवेबरोबर मागे सरकते, तिकडे गोळी ढकलली जाते. फुटबॉलची फ्री किक बचावफळीला वळसा घालते ती अशीच. याला आज मॅग्नस परिणाम म्हणतात. मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाचे प्रयोग शंभरेक वर्षांनंतरचे; नाव मात्र त्याचं लागलं. रॉबिन्स पुढे कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला.

फिरकी टाळता येत नसेल तर ती गोळीच्या वाटेभोवतीच द्यायची, म्हणजे ती गोळीला कुठल्या एका बाजूला ढकलत नाही; हा तोडगा जुनाच. नळीत पेचदार खाचा पाडल्या की झालं. पण खाचांत रुतायला गोळी घट्ट हवी, म्हणजे पुन्हा ठोकाठोक. १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने पोकळ बुडाची, टोकदार गोळी आणली. ती भरताना सैल असे. बार होताच बूड फुगून खाचांत बसे. १८५३ ची एनफिल्ड बंदूक याच तत्त्वावरची. तिचं काडतूस वंगण लावलेलं असे आणि दातांनी फोडावं लागे. पुढचं बराकपूर आणि मेरठ आपल्याला शाळेपासून पाठ आहे.