झोटेरो कनेक्टर

झोटेरो कनेक्टर : इंटरनेटवर सापडलेले लेख, पुस्तके आणि संकेतस्थळे यांची संदर्भनोंद एका क्लिकमध्ये साठवणारे ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. ते क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी या ब्राउझरांत चालते. संदर्भ सांभाळणाऱ्या ‘झोटेरो’ या मोफत व मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला ते जोडलेले असते. प्रबंध लिहिणारे प्राध्यापक, प्रकल्प तपासणारे शिक्षक आणि पाठाची तयारी करताना दहा टॅब उघडे ठेवणारे कोणीही, अशा सर्वांना त्याचा उपयोग होतो.

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये झोटेरो लोकांसमोर आणले. ते इतिहासकारांच्या गरजेतून घडले, हे वापरताना जाणवते : पत्र, हस्तलिखित, मुलाखत, वर्तमानपत्रातील मजकूर या प्रत्येकासाठी नोंदीचा वेगळा नमुना त्यात आहे. ‘एंडनोट’ या विकत मिळणाऱ्या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरची त्या वेळी मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्स कंपनीने २००८ मध्ये विद्यापीठावर खटला भरला. २००९ मध्ये तो न्यायालयाने फेटाळला. आरंभी सगळे झोटेरो फायरफॉक्सच्या आतच चालत असे. २०१७ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जुन्या धाटणीची एक्स्टेन्शन बंद केली. त्याच वर्षीच्या ५.० आवृत्तीपासून झोटेरो केवळ स्वतंत्र प्रोग्राम म्हणून उरले आणि ब्राउझरमध्ये राहिला तो कनेक्टर.

कनेक्टरचे बटण पानागणिक रूप पालटते. पुस्तकाच्या पानावर पुस्तकाचे चित्र दिसते, शोधनिबंधावर कागदाचे आणि शोधनिकालांच्या यादीवर फोल्डरचे. फोल्डरवर क्लिक केले की यादी उघडते आणि हव्या त्या नोंदींवर खूण करून त्या एकदम उचलता येतात. लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक हा तपशील पानाच्या कोडमध्ये दडलेला असतो. तो वाचण्यासाठी वेगवेगळ्या संकेतस्थळांकरिता ‘ट्रान्सलेटर’ नावाच्या छोट्या जावास्क्रिप्ट फायली लिहिलेल्या आहेत. पीडीएफ वाचकाला उपलब्ध असेल तर तीही सोबत उतरते. पुढे वर्ड, लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिताना हव्या त्या शैलीत संदर्भ टाकता येतो आणि संदर्भसूची आपोआप तयार होते. एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या दोन शैली; एपीएची सूची एमएलएमध्ये बदलायला एक निवड पुरते. हाताने सूची केलेल्यालाच याची खरी किंमत कळेल.

मराठी साहित्याच्या बाबतीत मात्र ही सोय लंगडी पडते. अनेक मराठी नियतकालिकांची संकेतस्थळे लेखकाचे नाव वा अंकाची तारीख कोडमध्ये नोंदवतच नाहीत. अशा पानावर कनेक्टरला फक्त शीर्षक आणि पत्ता मिळतो, व तो लेख साधे ‘वेब पान’ म्हणून जमा होतो. बाकीचे शिक्षकाने स्वतः भरायचे. नाव आणि आडनाव यांसाठी दोन रकाने असतात, पण ‘कुसुमाग्रज’ किंवा ‘ग्रेस’ यांना आडनाव कुठून आणणार? नावाशेजारचे बटण दाबून दोन रकान्यांचा एक करता येतो. तसे केले तर सूचीत टोपणनाव सरळ उमटते. संस्थेचे नाव लेखक म्हणून देतानाही हाच उपाय. संकेतस्थळाने चुकीचा तपशील दिला, तर झोटेरोही तोच निमूटपणे लिहून घेते. त्यामुळे नोंद साठवली की लगेच तपासावी.

नोंदी कितीही ठेवता येतात. मर्यादा आहे ती झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवायच्या फायलींना, मोफत ३०० एमबी. स्वतःच्या संगणकावर ही अट नाही. विभागातील सहकाऱ्यांसाठी सामायिक ‘ग्रुप’ करता येतो. शाळेच्या संगणकावर प्रोग्राम टाकण्याची परवानगी नसेल, तर नुसता कनेक्टर बसवून नोंदी थेट ऑनलाइन खात्यात पाठवता येतात. तोही बसवता येत नसेल, तर २०१८ मध्ये सुरू झालेले ‘झोटेरोबिब’ हे संकेतस्थळ आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) किंवा दुवा टाकल्यावर खात्याशिवायच सूची बनवून देते. चार-पाच संदर्भांच्या शालेय प्रकल्पाला तेवढे पुष्कळ झाले.