पार्श्वभूमी : शहरातले पतंग आणि बदलते दिवे

मुंबई-पुण्यातल्या फुलपाखरांच्या याद्या दिवसा पायी फिरून होतात. पतंगांच्या, म्हणजे फुलपाखरांच्या बहुतांशी रात्री उडणाऱ्या भाऊबंदांच्या, याद्या त्यांना ओढायला लावलेल्या दिव्याच्या जिवावर उभ्या आहेत, त्यामुळे दिवा बदलला की यादीही बदलते. ‘एलईडी आले आणि पतंग गेले’ असं सरसकट म्हणणारे हेच विसरतात.

भारतीय पतंगांवरचे चार खंड 1892 ते 1896 दरम्यान निघाले. त्यांत वर्णन आहे, प्रदेश आहे. शहरात कुठल्या उजेडावर काय येत होतं, हे त्यांतून कळत नाही. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि 2012 पासून जुलैअखेरीस पतंग सप्ताह सुरू झाला, तेव्हा नोंदींना वेग आला.

पतंग बोलवायचा संच साधा असतो : टांगलेली पांढरी सुती चादर आणि चोकशिवाय चालणारा 160 वॅटचा मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा, दिवा. त्यातून 365 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) उजेड पडतो आणि पतंग त्यालाच भुलतात. दिवा मात्र नखरेल. वीज जाऊन आली तरी गार झाल्याशिवाय तो पेटत नाही. तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते, आणि पतंगांचा भर नेमका पावसाळ्यात. पौर्णिमेच्या आगेमागे चादर ओस पडते. ती उजाडेपर्यंत टांगून ठेवली तर बुलबुल आणि कोतवाल पतंगांवर ताव मारतात. म्हणून पहाटेआधीच दिवा घालवून चादर हलकेच झटकावी.

वाद या दिव्याचाच आहे. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारात सर्वसाधारण वापराच्या मर्क्युरी दिव्यांसाठी 2020 ही मुदत होती, देशांना ती वाढवून घेण्याची सोयही होती. जुन्या याद्यांशी तुलना हवी, तर शिल्लक दिवे पुरवून वापरा, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू पॉवर बँकेवर चालणाऱ्या अतिनील एलईडीची. थेट एलईडीवर उडी मारली, तर आधीच्या नोंदींशी जोडणारा धागाच तुटतो. एक-दोन हंगाम दोन्ही दिवे चालवावेत, पण शेजारीशेजारी नकोत, कारण जोरकस दिवा दुसऱ्याचेही पतंग ओढून घेतो. एकाआड एक रात्री लावावेत, आणि कोणता दिवा किती वॅटचा होता हे दर नोंदीत लिहावं. बहुतेक जुन्या नोंदींत नेमकी हीच ओळ नसते.

रस्त्यावरचे दिवे ही वेगळी गोष्ट. जानेवारी 2015 च्या राष्ट्रीय योजनेनंतर पिवळे सोडियमचे दिवे उतरले, पांढरे एलईडी चढले. न्यूझीलंडमधल्या 2014 च्या प्रयोगात एलईडीवर सोडियमपेक्षा 48 टक्के जास्त उडते कीटक सापडले. इंग्लंडमधल्या 2021 च्या अभ्यासात दिव्याखालच्या कुंपणझुडपांत अंधारातल्यापेक्षा पतंगांच्या 47 टक्के कमी अळ्या निघाल्या, आणि सोडियमपेक्षा एलईडीखाली घट जास्त होती. यात विसंगती नाही. पहिला आकडा दिव्यावर जमलेल्या गर्दीचा आहे, दुसरा तिथे वाढणाऱ्या पिढीचा.

म्हणून शहरात अळ्याही मोजायला हव्यात. रस्तादुभाजकावरची कण्हेर आणि सोसायटीतली तगर हे सोपे नमुने. पानं देठापर्यंत खाल्लेली आणि खाली जाड लेंड्या दिसल्या, की कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी वर कुठेतरी असते. कोषात जाण्याआधी ती तपकिरी होऊन खाली उतरते आणि पाचोळ्यात शिरते. बागेतला पाचोळा रोज झाडून नेला, तर कोष कचरागाडीत जातात.