फेकतो तो, फिरते ती

आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ आला. बर्फावर एक धिप्पाड गडी जोडीदारणीला कमरेला धरून भिरकावतो आणि ती हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर अलगद उतरते. खाली लिहिलेलं, 'गुरुत्वाकर्षणाला हरवणारी जोडी!' त्यावर एका मित्राची टिप्पणी: "ताकद त्याची, टाळ्या तिला." दोन्ही वाक्यं चुकीची, पण दुसरं जरा जास्तच.

ती व्हेनेसा जेम्स आणि तो मॉर्गन सिप्रे. फिगर स्केटिंगमधली फ्रान्सची जोडी. व्हेनेसा जन्मली १९८७ साली कॅनडात, लहानपण बर्म्युडा आणि अमेरिकेत गेलं, २००६ मध्ये ती ब्रिटनची एकेरीतली विजेती झाली आणि मग फ्रान्सला जाऊन जोडीच्या स्केटिंगकडे वळली. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये ती यानिक बोनूरसोबत उतरली. ऑलिंपिकमधली ती पहिली कृष्णवर्णीय जोडी, क्रमांक चौदावा. त्याच वर्षी तिची सिप्रेशी जोडी जमली. मिलानच्या २०१८ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, त्याच डिसेंबरात ग्रां प्री फायनलचं सुवर्ण आणि २०१९ मध्ये मिन्स्कला युरोपचं विजेतेपद. त्याआधी फ्रेंच जोडीनं हे विजेतेपद मिळवलं होतं ते १९३२ साली, आंद्रे आणि पिएर ब्रुने यांनी.

आता फेकीकडे. फेकणारा तिला देतो ती उंची, आणि उंची म्हणजे वेळ. कोणी स्वतःच्या बळावर अर्धा मीटर उसळलं तर हवेत साधारण ०.६४ सेकंद मिळतात. एक मीटर उसळलं तर ०.९. उंची दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही, कारण तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गुरुत्वाकर्षण इथे तसूभरही हरलेलं नाही. उलट, मीटरभरावरून खाली येताना ते ताशी सोळा किलोमीटरचा वेग परत वसूल करतं, तोही एका पायावर.

गिरकीची सुरुवात बर्फावरच होते. बुटाखालचं पातं लांबीच्या दिशेनं घसरतं, पण त्याची धार आडव्या दिशेला बर्फात रुतते, म्हणून रेटा द्यायला आधार मिळतो. पाय सुटला की संपलं. हवेत धरायला काहीच नाही, त्यामुळे जेवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, सोबत घेतला तेवढाच उतरेपर्यंत टिकतो. हात छातीशी घेतले, पाय जुळवले की जडत्व आघूर्ण, म्हणजे वजन फिरण्याच्या अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचं माप, घटतं आणि वेग वाढतो. इथवर सगळं शाळेतलंच.

मला आवडतो तो पुढचा भाग. समजा आघूर्ण निम्मं झालं. संवेग म्हणजे आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग. तो तोच, म्हणून वेग दुप्पट. पण फिरण्याची गतिज ऊर्जा आघूर्ण गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वर्गामुळे चौपट, आघूर्णामुळे निम्मी. म्हणजे एकूण दुप्पट! जोडीदार तर मागे राहिला, मग ही जादा ऊर्जा आली कुठून? तिच्या दंडांतून. फिरताना हात बाहेर जायला बघतात आणि ते आत ओढायला काम करावं लागतं. ते काम गिरकीत जमा होतं. खोटं वाटत असेल तर ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन बसा, कोणाला तरी खुर्ची फिरवायला सांगा आणि बाटल्या छातीशी ओढा. ओढताना त्या बाहेर पळायला बघतात, ते मनगटाला कळतं. (वास्तूवाले ज्या 'ऊर्जे'साठी पिरॅमिड विकतात, ती ही नव्हे. ही ज्यूलमध्ये मोजता येते.)

उतरताना हेच उलट. हात उघडायचे, एक पाय मागे ताणायचा. गिरकी मंदावते, आणि उरलेला संवेग मागे सरकत काढलेल्या वळणात आणि बर्फाच्या घर्षणात खपतो. उघडायला क्षणभर उशीर झाला की पातं वळणाच्या पुढे फिरतं आणि माणूस आडवा. त्या क्षणी फेकणारा काही मीटर लांब असतो, नुसता बघत.

२०२० मध्ये ही जोडी थांबली. व्हेनेसा मात्र एरिक रॅडफर्डसोबत कॅनडाकडून उतरली. तो माजी जगज्जेता, पण पूर्वी दुसऱ्या जोडीदारणीबरोबर. मार्च २०२२, जागतिक स्पर्धा फ्रान्समध्येच, माँपेलियेला. फेकणारा वेगळा, जर्सीवरचा देश वेगळा. पदक कांस्य, मिलानसारखंच.