फोर्डचा नऊ इंची अ‍ॅक्सल: निवड आणि बसवणी

मोटारीच्या मागच्या चाकांना फिरवणारा मूळ अ‍ॅक्सल काढून त्याच्या जागी जास्त दणकट अ‍ॅक्सल घालणे ही अमेरिकेतील वेगवान मोटारींच्या जगात जुनी, रुळलेली प्रथा आहे. या कामासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा अ‍ॅक्सल म्हणजे 'फोर्ड नऊ इंची'. फोर्ड कंपनीने तो १९५७च्या मॉडेलपासून मोटारींत वापरला. पुढे पिकअप आणि व्हॅनमध्ये तो १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला आणि मग ८.८ इंची अ‍ॅक्सलने त्याची जागा घेतली. नऊ इंच हे त्याच्या क्राऊन व्हीलच्या, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, व्यासाचे माप आहे, सुमारे २२९ मिमी.

कारखान्यातले उत्पादन थांबून चार दशके होत आली, तरी हा अ‍ॅक्सल बाजारातून गेला नाही. हाउसिंग (बाहेरचे कवच), क्राऊन आणि त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन, शाफ्ट, बेअरिंग असा त्याचा प्रत्येक भाग आज नवा मिळतो. फोर्डने बनवलेला एकही तुकडा नसलेला 'फोर्ड नऊ इंची' सहज जुळवता येतो, आणि हल्ली विकले जाणारे बहुतेक तसेच असतात. मोझर, स्ट्रेंज आणि करी हे या धंद्यातले नावाजलेले अमेरिकी उत्पादक. नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेच्या सर्वोच्च शर्यतींत तर कित्येक वर्षे शेव्हरोले आणि टोयोटाच्या नावाने धावणाऱ्या गाड्यांखालीही याच रचनेचा अ‍ॅक्सल होता. २०२२ साली तिथे स्वतंत्र मागचे सस्पेन्शन असलेली नवी गाडी आली, तेव्हा तो प्रघात संपला.

अ‍ॅक्सल का तुटतो

१९९८ची शेव्हरोले कमॅरो झी-२८ हे यासाठी चांगले उदाहरण आहे. तिच्या ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ४५४ न्यूटन-मीटर. सहा गिअरच्या हातगिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६ आणि क्राऊन-पिनियनचे ३.४२. म्हणजे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा टॉर्क नऊ पटीने वाढून चाकांच्या शाफ्टांपर्यंत साधारण ४,१०० न्यूटन-मीटर पोहोचू शकतो. आणि हे सगळे पेलायला कारखान्याने दिलेला अ‍ॅक्सल साडेसात इंची गटातला, दहा बोल्टांचा. साध्या रस्त्यावर, साध्या टायरवर तो वर्षानुवर्षे चालतो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, चिकट टायर लावून क्लच झटक्याने सोडला की त्याचे दात उडतात.

यातला टायरचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण अ‍ॅक्सलची निवड तिथेच ठरते. इंजिन कितीही ताकदवान असो, टायर घसरले की शाफ्टवरचा ताण तिथेच थांबतो. टायरने रस्ता पकडून ठेवला तर मात्र सगळा धक्का दातांवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून 'माझी गाडी इतक्या हॉर्सपॉवरची, मला कोणता अ‍ॅक्सल लागेल' हा प्रश्न अर्धाच असतो. गाडीचे वजन किती, टायर कोणते, गिअरबॉक्स हातचा की आपोआप बदलणारा, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीचा दणका तेलात जिरवतो. क्लच तो सरळ पुढे पाठवतो. त्यामुळे कमी ताकदीची पण हातगिअरची गाडी अ‍ॅक्सल मोडते आणि तिच्याहून ताकदवान ऑटोमॅटिक गाडी वर्षभर निभावून नेते, असे पुष्कळदा घडते.

रचना

नऊ इंची अ‍ॅक्सलला मागे उघडणारे झाकण नसते. क्राऊन, पिनियन आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) हा सगळा गोळा एका स्वतंत्र ओतीव खोक्यात बसवलेला असतो आणि तो हाउसिंगच्या पुढच्या बाजूने बाहेर येतो. ट्रकच्या हाउसिंगमधून क्राऊनचा गोळा पुढे ओढून काढताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. तिचा फायदा मोठा आहे. क्राऊन-पिनियनची जुळणी गाडीखाली आडवे पडून करावी लागत नाही, टेबलावर उजेडात करता येते. शर्यतीला जाणारे लोक वेगवेगळ्या गुणोत्तरांचे दोन-तीन गोळे तयार ठेवतात आणि ट्रॅक पाहून बदलतात.

दुसरे वैशिष्ट्य पिनियनच्या आधाराचे. बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये पिनियन पुढच्या दोन बेअरिंगवर तोललेला असतो आणि त्याचे दातांचे डोके मोकळे राहते. जोर आला की हे डोके क्राऊनपासून दूर ढकलले जाते, दात कडेने भिडतात आणि मग तुटतात. नऊ इंचीत या डोक्याच्या पलीकडे आणखी एक, तिसरे बेअरिंग आहे. पिनियन दोन्ही बाजूंनी धरला जातो आणि हलायला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पिनियनची उंची. क्राऊनच्या मध्यरेषेपासून तो सुमारे ५७ मिमी खाली असतो. जनरल मोटर्सच्या बारा बोल्टांच्या अ‍ॅक्सलमध्ये हेच अंतर सुमारे ३८ मिमी आणि डाना ६० या दुसऱ्या दणकट अ‍ॅक्सलमध्ये सुमारे २८ मिमी आहे. अंतर जास्त असल्यामुळे एका वेळी दातांचा जास्त भाग एकमेकांना भिडतो आणि ताकद वाढते. पण दात एकमेकांवर घासतही जास्त जातात. त्यामुळे उष्णता वाढते आणि इंजिनाची थोडी शक्ती वाटेतच खर्ची पडते. डाना ६० चे क्राऊन पावणेदहा इंची, म्हणजे आणखी मोठे, आणि घर्षण कमी. वजन मात्र जास्त. लांब पल्ल्याला रोज चालणाऱ्या जड गाडीसाठी डाना ६० चा विचार जरूर करावा. नऊ इंचीची लोकप्रियता केवळ ताकदीमुळे नाही, भागांच्या उपलब्धतेमुळेही आहे, हे निवड करताना लक्षात असावे.

शाफ्ट अडकवण्याची पद्धत हा सुरक्षेचा प्रश्न आहे. दहा आणि बारा बोल्टांच्या अनेक अ‍ॅक्सलमध्ये, तसेच फोर्डच्या ८.८ इंचीत, शाफ्टचे आतले टोक इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या छोट्या क्लिपने धरलेले असते. शाफ्ट तुटला तर चाकाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि चाक शाफ्टच्या तुकड्यासह बाहेर निघू शकते. नऊ इंचीत शाफ्टवर दाबून बसवलेले बेअरिंग हाउसिंगच्या तोंडाशी पट्टी आणि चार बोल्टांनी आवळलेले असते. शाफ्ट आत तुटला तरी चाक जागेवर राहते. वेगवान ड्रॅग गाड्यांना सी-क्लिपचे शाफ्ट चालत नाहीत, असा नियम याच कारणाने आहे.

काय मागवावे

शाफ्टची जाडी त्याच्या टोकावरच्या खाचांच्या, म्हणजे स्प्लाइनच्या, संख्येवरून सांगतात. जुन्या नऊ इंचीत २८ किंवा ३१ स्प्लाइन असत. बाजारात ३५ आणि ४० स्प्लाइनचेही मिळतात. ३१ स्प्लाइनचा व्यास साधारण ३३.५ मिमी, ३५ चा ३८ मिमी. फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे या साडेचार मिलिमीटरने शाफ्ट जवळजवळ दीडपट मजबूत होतो. रस्त्यावरच्या साध्या टायरच्या गाडीला चांगल्या पोलादाचे ३१ पुरतात. ड्रॅग टायर लावायचे असतील तर सुरुवातीलाच ३५ घ्यावेत. नंतर बदलायचे तर शाफ्टबरोबर डिफरन्शियलही बदलावे लागते.

डिफरन्शियल निवडताना गाडी कशासाठी आहे हे स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करावे. क्लचपट्ट्यांचा लिमिटेड-स्लिप, म्हणजे एका चाकाचे घसरणे मर्यादित ठेवणारा प्रकार, शांत चालतो, पण पट्ट्या झिजतात आणि त्याला तेलात खास मिश्रण लागते. ट्रूट्रॅकसारख्या गिअरवर चालणाऱ्या प्रकारात झिजणाऱ्या पट्ट्याच नसतात, आणि रस्ता आणि वळणे असा दोन्हीचा वापर असेल तर तो सर्वांत समाधानकारक ठरतो. मात्र एक चाक हवेत उचलले गेले तर तो कमी पडतो. डेट्रॉइट लॉकर घट्ट पकडतो, वळणावर कटकट आवाज करतो. स्पूल तर दोन्ही शाफ्ट कायमचे जखडून टाकतो. तो सरळ पट्टीवर धावणाऱ्या गाडीसाठीच. शहरातल्या प्रत्येक वळणावर स्पूल शाफ्टांना पिळतो आणि टायर घासतो, ओल्या रस्त्यावर तो धोक्याचा आहे.

गुणोत्तराच्या बाबतीत लोक हटकून जास्त मोठा आकडा घेतात. ४.११ म्हणजे पिनियनला ९ आणि क्राऊनला ३७ दात, ३.५० म्हणजे १० आणि ३५. आकडा मोठा तसा पिनियन बारीक आणि त्या प्रमाणात नाजूक. वर सांगितलेल्या कमॅरोत सहाव्या गिअरचे गुणोत्तर ०.५० आहे. २६ इंच उंचीच्या टायरवर ताशी १०० किमीला ३.५० ने इंजिन मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते आणि ४.११ ने सुमारे १,६५०. इथे दोन्ही चालतील. तीन गिअरच्या, ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर) नसलेल्या जुन्या गाडीत मात्र हाच ४.११ इंजिनाला ३,३०० फेऱ्यांवर ओरडत ठेवतो. क्राऊन-पिनियनचे पोलादही दोन तऱ्हांचे असते. शर्यतीसाठीचे मऊ गाभ्याचे पोलाद दणका सोसते, पण रोजच्या वापरात लवकर झिजते. नावात 'प्रो' आहे म्हणून ते रस्त्याच्या गाडीत घालणे चूक आहे.

गोळ्याच्या खोक्यालाही दर्जा असतो. जुन्या फोर्ड खोक्यांवर 'एन' अक्षर ओतलेले असेल तर ते नोड्युलर, म्हणजे कमी ठिसूळ, ओतीव लोखंडाचे, म्हणून भंगारात त्याला वेगळा भाव. नवीन घेताना नोड्युलरच घ्यावे. पिनियनचा पुढचा आधार 'डेटोना' प्रकारचा असेल तर त्यात बेअरिंग मोठे असते, आणि थोड्या पैशांत मिळणारी ती मोठी सुधारणा आहे.

मोजमाप

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते चुकीच्या मापामुळे. एका चाकाच्या बसण्याच्या पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी, चाकांच्या बोल्टांचे वर्तुळ, ब्रेकच्या पत्र्याची जागा, स्प्रिंग आणि दांड्यांच्या ब्रॅकेटांमधले अंतर ही मापे मूळ अ‍ॅक्सल अजून गाडीखाली असतानाच घ्यावीत. चाके बदलायची असतील तर नवी चाके आधी घ्यावीत आणि रुंदी त्यांच्यावरून ठरवावी. उलट केले तर टायर मडगार्डला घासतो किंवा आत बुडालेला दिसतो. नऊ इंचीत पिनियन क्राऊनच्या एका बाजूला असतो. तो गाडीच्या मध्यरेषेवर हवा असेल तर डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे मागवावे लागतात.

१९८२ ते २००२ च्या कमॅरो आणि फायरबर्डमध्ये आणखी एक अडचण आहे. त्यांच्यात अ‍ॅक्सलपासून गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत जाणारा लांब टॉर्क आर्म असतो आणि अ‍ॅक्सलला गोल फिरू न देण्याचे काम तोच करतो. नऊ इंचीच्या गोळ्याला मूळ आर्म जुळत नाही, म्हणून हाउसिंगवर त्याचे वेगळे ब्रॅकेट आणि बहुधा आर्मही नवाच लागतो. आर्मचे पुढचे टोक गिअरबॉक्सवर न ठेवता क्रॉसमेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईवर, घेणारा संच निवडणे शहाणपणाचे. जोरात सुटणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सची शेपटीच फुटल्याची उदाहरणे आहेत.

ब्रॅकेट वेल्ड केलेले तयार हाउसिंग मिळत असेल तर तेच घ्यावे. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीत शाफ्ट तिरका फिरून स्प्लाइन, बेअरिंग आणि ऑइल सील तिन्ही खातो. वेल्डिंग करायचेच असेल तर हाउसिंगमधून जाड सरळ दांडा घालून, थोडे थोडे टाके घेत आणि मध्ये थंड होऊ देत करावे, आणि शेवटी सरळपणा पुन्हा तपासावा.

जुळणी आणि बसवणी

पिनियनची खोली त्याच्या आधाराखालच्या शिमने (पातळ पट्टीने) ठरते, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या रिंगांनी. नव्या क्राऊन-पिनियनला ही फट साधारण ०.२० ते ०.३० मिमी ठेवतात. उत्पादकाने संचावर दिलेला आकडा हाच अखेरचा मानावा. फट बरोबर आली म्हणजे जुळणी झाली असे नाही. दातांना रंग लावून, क्राऊनला थोडा अटकाव देत फिरवून ठसा पाहावा लागतो. तो दाताच्या माथ्याकडे किंवा मुळाकडे सरकलेला असेल तर शिम बदलून पुन्हा सगळे जोडायचे. हे काम सहा-सात वेळा करावे लागले तरी कंटाळू नये. गाडी चालू लागल्यावर घोंगावणारा अ‍ॅक्सल नंतर कोणत्याही तेलाने शांत होत नाही.

गाडी चासीखाली स्टँडवर पक्की टेकवून जुना अ‍ॅक्सल उतरवायचा. प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकच्या केबल, एबीएसच्या तारा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधी सोडवायचे, स्प्रिंग मोकळ्या व्हायच्या आत अ‍ॅक्सलखाली जॅक घ्यायचा. नवा चढवताना रबर बुश असलेले बोल्ट आधी सैलच ठेवावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावर आवळावेत. हवेत आवळलेले बुश गाडी खाली आली की पिळले जातात आणि लवकर फाटतात. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) लांबी बदलता येणारा असेल तर त्याने अ‍ॅक्सल दोन्ही मडगार्डांच्या बरोबर मध्ये आणावा.

पिनियनचा कोन हा शेवटचा पण महत्त्वाचा भाग. गिअरबॉक्सची शेपटी आणि पिनियन एकमेकांना समांतर राहिले तर प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसची, म्हणजे सांध्यांची, थरथर एकमेकींना मारते. जोर आला की पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते थोडे खाली झुकवून ठेवतात. टॉर्क आर्मच्या गाडीत एक-दोन अंश, पाट्यांच्या स्प्रिंग असलेल्या गाडीत त्याहून जास्त. प्रोपेलर शाफ्टची लांबी अ‍ॅक्सल बसल्यावर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजावी आणि मगच तो कापायला किंवा नवा करायला द्यावा. गुणोत्तर बदलल्याने स्पीडोमीटर चुकतो आणि ऑटोमॅटिक गिअर भलत्या वेळी पडतात. इंजिनाच्या संगणकात नवा आकडा भरला की दोन्ही ठीक होतात.

तेल जीएल-५ दर्जाचेच लागते, कारण घासणाऱ्या हायपॉइड, म्हणजे पिनियन मध्यरेषेखाली असलेल्या रचनेच्या, दातांमधला प्रचंड दाब साधे गिअर तेल सोसत नाही. ब्रेकमधली हवा काढून झाली की पहिले २५-३० किमी हलक्या पायाने चालवावे आणि गोळा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. असे दोन-तीनदा करावे. नवे दात एकमेकांना घासून बसताना तापतात, आणि या वेळी जोरात पळवलेला संच निळा पडतो. साधारण ८०० किमीनंतर ते तेल काढावे. त्यात बारीक चमकदार चुरा दिसणे स्वाभाविक आहे. नखाला लागेल असा तुकडा सापडला तर गोळा बाहेर काढून दात पाहावेत.