रात्री दीडची मॅच: नाशिकच्या जागरणामागचा इतिहास

११ जुलै २०२१ हा रविवार नाशिकमधल्या फुटबॉलवेड्यांनी दोन्ही टोकांनी जाळला. पहाटे साडेपाचला रिओच्या माराकाना मैदानावर दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना सुरू झाला. दि मारियाच्या एकमेव गोलवर अर्जेंटिनाने ब्राझीलला हरवलं, तोवर इथे दूध तापवून झालं होतं. त्याच रात्री, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने सोमवारी साडेबाराला, लंडनच्या वेम्बलीवर युरोपातल्या देशांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना. तो पेनल्टीपर्यंत ताणला गेला आणि इटली जिंकली तेव्हा आपल्याकडे सव्वातीन वाजून गेले होते. रिओत पहिला सामना शनिवारी रात्री नऊला होता, लंडनमध्ये दुसरा रविवारी रात्री आठला. म्हणजे ज्यांचे सामने, त्यांनी ते ठरल्यासारखे संध्याकाळच्या निवांत वेळी पाहिले. झोपेचं खोबरं झालं ते आपलं.

'मॅच कितीला?' हा प्रश्न इथला फुटबॉल बघणारा माणूस आठवड्यातून चार वेळा तरी विचारतो. त्याचं उत्तर ज्यांनी ठरवलं, त्यांच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर नाशिक नव्हतं.

सुरुवात घड्याळापासून करावी लागते. नाशिक साधारण ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंशांवरून, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून मोजतात. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे गोदाघाटावरचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असतो. एकोणिसाव्या शतकात गावोगावची वेळ वेगळी होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती. त्यामुळे गाडी पकडायला निघालेल्या नाशिककराला २५-२६ मिनिटांचा फरक मनात धरावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' काही सोडला नाही. तो तिथे १९५५ पर्यंत टिकला. शेजारच्या शहराची वेळ वेगळी असणं ही आपल्या आजोबांच्या पिढीला नवलाची गोष्ट नव्हती.

ग्रिनिचपासून पूर्ण तासांचं अंतर न ठेवता साडेपाच तासांचं ठेवल्यामुळे एक गंमत झाली आहे. काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की हिवाळ्यातली इंग्लंडची वेळ दिसते. रात्री साडेआठ वाजता घड्याळ फिरवा, मिनिटकाटा बारावर जातो. तासकाटा दोन आणि तीनच्या मध्ये लटकतो, तिथे थोडं समजून घ्यायचं आणि तीन म्हणायचं.

हे दुपारचे तीन महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनला सामना सुरू करण्याची पद्धत पडली ती गिरण्यांमुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवणं बंधनकारक केलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. दोनला भोंगा, मग मैदान. सातपूर-अंबडच्या शिफ्टमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खेळाची वेळ कारखान्याच्या भोंग्याने ठरली आणि दीडशे वर्षांनी तोच भोंगा आपल्याकडे शनिवारी रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला, वाजू लागला.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढची आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला मनाई आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६० च्या दशकात हा आग्रह धरला होता. घरबसल्या मोठा सामना दिसला तर लहान क्लबांच्या मैदानांकडे कोण फिरकणार, असं त्यांचं म्हणणं. ती बंदी अजून आहे. त्यामुळे मँचेस्टरमधल्या माणसाला त्याच्याच शहरातला तीनचा सामना घरी टीव्हीवर थेट दिसत नाही, आणि इंदिरानगरमध्ये सोफ्यावर भेळ खात बसलेल्याला दिसतो. घड्याळाने आपल्याला एवढं तरी दिलं.

मग रात्री दीडचं दुखणं आलं कुठून? त्याला विजेचे दिवे जबाबदार आहेत. इंग्लिश लीगचा पहिला सामना फ्लडलाइटमध्ये झाला तो २२ फेब्रुवारी १९५६ ला, पोर्ट्‌स्मथ आणि न्यूकॅसल यांच्यात. त्याच हंगामात युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, सुरू झाली. शनिवार-रविवार देशातल्या लीगसाठी, म्हणून युरोपचे सामने आठवड्याच्या मध्यावर. तेव्हा दिवसा लोक कामावर, म्हणून रात्री. पुन्हा कामगाराचीच सोय. दिवे नसते तर बुधवारची मॅच दुपारी उरकली असती आणि आपण ती जेवताना पाहिली असती. २०१८ पर्यंत या स्पर्धेचे बहुतेक सामने मध्य युरोपात पावणेनऊला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सव्वाला सुरू होत. मग ते नऊला गेले, म्हणजे आपल्याकडे दीडला. पंधरा मिनिटं काही फार नाहीत, पण सकाळी सातच्या शिफ्टला जाणाऱ्याला विचारा.

नाशिकमध्ये परदेशातल्या फुटबॉलची वाट पाहण्याची सवय टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी आहे. देवळाली कॅम्पात मायदेशी परतण्याच्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, उकाडा आहे, जहाजाचा पत्ता नाही. त्यातून डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला, तो या देवळालीवरूनच. आपल्या गावाने इंग्रजी भाषेला दिलेला बहुधा हा एकच शब्द आणि तो वेडासाठी आहे. रात्री तीनला दिवाणखान्यात एकट्याने मुठी आवळणाऱ्या माणसाला तो नेमका बसतो. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपर्यंत पोचली तेव्हापासून विलायतेची बातमी तासांत येऊ शकत होती, पण सविस्तर हकीकत वाचायची तर टपालाच्या बोटीने येणाऱ्या वर्तमानपत्राचीच वाट पाहायची. शिळा सामना, पण वाचणाऱ्याला ताजाच.

'आत्ता, या क्षणी' ही चैन प्रथम रेडिओने दिली. २२ जानेवारी १९२७ ला बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचं थेट समालोचन केलं. १९३२ च्या डिसेंबरात साम्राज्यभर ऐकू जाणारी त्यांची लघुलहरींची सेवा सुरू झाली आणि तिचीच पुढे वर्ल्ड सर्व्हिस झाली. शनिवारी रात्री शॉर्टवेव्हची सुई केसभर हलवत, खरखरीतून गोल शोधत बसणारी माणसं या शहरात होती. आमच्या गल्लीतले एक काका त्यातलेच. गोल झाला की आवाज नेमका बुडायचा आणि कोणी मारला ते पुढच्या दहा मिनिटांत केव्हातरी कळायचं.

चित्राला मात्र समुद्र ओलांडायला वेळ लागला. १९६२ चा विश्वचषक चिलीत झाला, तेव्हा युरोपातल्या लोकांनी तो विमानाने आलेल्या फिल्मवर, काही दिवसांनी पाहिला. अंतिम सामना १७ जूनला झाला. टेलस्टार हा उपग्रह अवकाशात गेला १० जुलैला. तेवीस दिवसांनी हुकलं! १९७० मध्ये मेक्सिकोचा विश्वचषक रंगीत आणि उपग्रहावरून थेट गेला. त्यातल्या बत्तीस तुकड्यांच्या काळ्या-पांढऱ्या चेंडूचं नावही 'टेलस्टार' होतं आणि तो तसा रंगवला होता कृष्णधवल पडद्यावर उठून दिसावा म्हणून.

इथूनच वेळेचा सौदा उघड झाला. युरोपातल्या प्रेक्षकांना संध्याकाळी दिसावं म्हणून मेक्सिकोत भर दुपारी बाराला खेळाडूंना उन्हात उतरवलं गेलं. १९८६ मध्ये पुन्हा तेच झालं. अर्जेंटिनाच्या मॅराडोना आणि वाल्दानो यांनी जाहीर तक्रार केली, ऐकलं कोणी नाही. मेक्सिकोतले दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा हाताने मारलेला गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून पळत जाऊन केलेला तो दुसरा गोल, हे दोन्ही भारतीय वेळेप्रमाणे २२ जूनची मध्यरात्र उलटल्यावरचे. युरोपसाठी लावलेली वेळ आपल्याला जेमतेम परवडली, एवढंच.

आपल्या बाजूची तयारीही तोवर झाली होती. पुण्याला जाताना नारायणगावजवळ आर्वीचं उपग्रह केंद्र लागतं. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते उभं राहिलं आणि विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं गेलं. परदेशातली चित्रं देशात यायचं ते एक दार होतं आणि ते आपल्या पुणे-नाशिक रस्त्यालगत होतं, हे एसटीत डुलक्या घेणाऱ्या कितीजणांना माहीत होतं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ मध्ये रंग आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत लहान शहरांत धडाधड प्रक्षेपक उभे राहिले. मॅराडोनाची वेळ अशी अचूक जुळून आली.

१९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना कॅलिफोर्नियात दुपारी साडेबाराला, इथे रात्री एकला. इटलीच्या बाजिओने पेनल्टी आभाळात मारली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि सोमवार उजाडायला आला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स आले, दर आठवड्याला इंग्लंडची लीग दिसू लागली आणि सूत्रं केबलवाल्याच्या हाती गेली. आमच्या कॉलनीतला केबलवाला मनाचा राजा होता. क्रिकेट नसेल तर खेळाच्या चॅनेलवर तो बिनदिक्कत हिंदी सिनेमा लावायचा. रात्री अकराला त्याच्या घरी जाऊन 'दादा, तेवढी मॅच लावा ना' म्हणणं हाही जागरणाच्या विधीचा भाग होता.

एकदाच पारडं फिरलं. २००२ चा विश्वचषक जपान-कोरियात झाला. सामने आपल्याकडे दुपारी बारा, अडीच आणि पाचला, अंतिम सामना रविवारी दुपारी साडेचारला. ब्राझीलशी उपांत्यपूर्व सामना पाहायला इंग्लंडला सकाळी साडेसातला टीव्हीपुढे बसावं लागलं, आम्ही मात्र वरण-भात पुढ्यात घेऊन. झोप गेली नाही, पण त्या जूनमध्ये कॉलेजातली हजेरी गेली. त्यानंतरच्या विश्वचषकात, २००६ मध्ये, भिंतीवर दोन कागद शेजारी असायचे: एक सामन्यांचा, एक भारनियमनाचा. २०१४ मध्ये ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना रात्री दीडला सुरू झाला आणि दोन वाजायच्या आत जर्मनीचे पाच गोल झाले होते. डोळा लागलेल्या माणसाने जागं होऊन स्कोअर पाहिला आणि त्याला ते स्वप्न वाटलं, असं सांगणारे निदान तीनजण मला माहीत आहेत.

गोंधळ घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे युरोपची घड्याळं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ती तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळ तासभर पुढे ठेवलं होतं, पण ती आठवण पुसली गेली. त्यामुळे वर्षातून एकदा पूर्वार्ध हुकतो आणि एकदा तासभर रिकामं मैदान बघत बसावं लागतं. तारखेचा घोळ मात्र आपल्या पंचांगाने आधीच सोडवून ठेवला आहे. पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला. म्हणून 'मंगळवारी रात्री मॅच' असं म्हणणारा माणूस बुधवारी दीडला बरोबर जागा असतो, आणि मोबाइलमध्ये '१२ तारीख, १:३०' पाहून १२ तारखेच्या रात्री गजर लावणारा चोवीस तास उशिरा उठतो.

आता सामना फोनवर येतो आणि वेळेचं भांडण घरातच शिरलं आहे. इंटरनेटवरचं चित्र डिशवरच्या चित्रापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं. वरच्या मजल्यावरून आरोळी येते तेव्हा आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो. एका सोसायटीत तीन टाइम झोन. मग व्हॉट्‌सॲप बंद करून, खिडकी लावून बसायचं.

गेल्या काही वर्षांत क्लबांना पूर्वेकडचे प्रेक्षक दिसू लागले आहेत. २३ डिसेंबर २०१७ ला रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचा सामना माद्रिदमध्ये दुपारी एकला ठेवला होता. बीजिंगमध्ये तेव्हा रात्रीचे आठ वाजत होते, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, चहाची वेळ. सोय चीनची, वाटेत आपण. २०२६ च्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही युरोपात संध्याकाळी सहाला, म्हणजे इथे रात्री साडेनऊला ठेवायचं ठरलं. कारण दिलं गेलं ते मैदानावर येणाऱ्या कुटुंबांचं आणि त्यांना घरी परतायला मिळणाऱ्या गाड्यांचं. त्याच वर्षीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना मात्र न्यू यॉर्कजवळ १९ जुलैला, रविवारी दुपारी तीनला ठरला. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा, आणि सोमवारी सकाळी सातला पहिली शिफ्ट.